फळेबाईंचा हिरवा रकाना

ऑफिसात माझ्या पाठीमागे मला फळेबाई म्हणतात. हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं. कळलं ते एका पेशंटच्या आईमुळे. ती दारात घुटमळत उभी होती. मी विचारलं, "काय हवंय?" तर म्हणाली, "खालच्या माणसाने सांगितलं, वर फळेबाईंना भेटा. पण मी पिशवी नाही आणली." तिला वाटलं, मी वर बसून फळं विकते. मी तिला खुर्ची दिली आणि मागे वळून पाहिलं, तर आमची सिस्टर कपाटात तोंड घालून हसत होती.

नाव पडलं होतं माझ्या पांढऱ्या फळ्यावरून. आमचं पथक लहान. एक सिस्टर, एक समाजसेविका, आठवड्यातून तीन दिवस येणारे डॉक्टर, गाडी चालवणारे काका आणि मी समन्वयक. मानसिक आजाराने दवाखान्यात राहून घरी आलेली माणसं नीट राहताहेत ना, गोळ्या घेताहेत ना, घरच्यांशी पटतंय ना, हे त्यांच्या घरी जाऊन बघायचं, एवढंच काम. ऐकायला सोपं आहे. माणसं एकशे चाळीस, गाडी एक, आणि दिवसाचे तास कुणालाच वाढवून मिळत नाहीत.

मी इथे आले ती पाणीपुरवठ्यातून. तिथे अठरा वर्षं तक्रारींची नोंदवही सांभाळली होती. पाइप फुटला की आज माणूस पाठवा, गळत असेल तर या आठवड्यात, नुसता आवाज करत असेल तर सवडीने. या अनुभवावर मला मानसिक आरोग्यात का घेतलं हे मला आजही कळलेलं नाही. पण मी आल्यावर पहिल्याच आठवड्यात पाहिलं, की एकाच घरी सकाळी सिस्टर जाऊन येते आणि दुपारी समाजसेविका जाते, दोघींनीही तेच तेच विचारलेलं ऐकून घरचे कावतात, आणि तिसऱ्या गल्लीतल्या माणसाकडे महिनाभर कुणी फिरकलेलं नसतं. मला माझी वही आठवली आणि मी फळा मागवला.

फळ्यावर रोज साडेनऊला सगळ्यांची नावं आणि नावापुढे रंगीत चुंबकी टिकली. लाल म्हणजे आजच भेटायचं. पिवळी म्हणजे या आठवड्यात. हिरवी म्हणजे सगळं ठीक, नऊ आठवड्यांतून एक भेट आणि मधल्या दर तिसऱ्या बुधवारी फोन. खरं सांगते, फळ्याने काम सुधारलं. एकाच घरी दोनदा जाणं थांबलं, राहिलेली घरं सापडली. वरिष्ठ येऊन फळ्याशेजारी उभे राहून फोटो काढून गेले. मग मात्र माझ्या डोक्यात हवा शिरली. पुढे पुढे मी घरीही फ्रिजवर टिकल्या लावायला लागले. एकदा जेवताना मुलीने विचारलं, "आई, मी सध्या लाल आहे की हिरवी? म्हणजे बोलायचं की बुधवारपर्यंत थांबायचं?" नवरा मान खाली घालून जेवत राहिला. त्याला आपला रंग विचारायची हिंमत नसावी.

फळ्यावरचा माझा अभिमान होता हिरवा रकाना. हिरव्या टिकल्या वाढल्या की मला वाटायचं, आपल्यामुळे माणसं बरी होताहेत. हिरव्यांच्या फोनसाठी मी पाच प्रश्न छापून घेतले होते. झोप कशी? जेवण कसं? गोळ्या चालू? घरी कटकट? आणखी काही? एका फोनला चार मिनिटं. मी घड्याळ लावून बघितलं होतं. डॉक्टरांच्या भेटीही हिरव्यांसाठी चार महिन्यांवर नेल्या, कारण लाल माणसांना वेळ हवा. त्याच कारणाने हिरव्यांची नऊ आठवड्यांची घरची भेटही बऱ्याचदा राहून जायची.

आणि या रकान्यातली माझी सगळ्यात लाडकी म्हणजे शिलाईताई.

शिलाईताई पन्नाशीच्या. एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या आणि घरीच कपडे शिवायच्या. बारा वर्षांपूर्वी त्यांना आवाज ऐकू यायला लागले होते. शिलाई मशीनच्या खडखडाटातून शेजारच्या बायका आपल्याबद्दल बोलताहेत असं वाटायचं. तेव्हा दोनदा दवाखान्यात राहावं लागलं. नंतर गोळ्यांनी आवाज गेले, मशीन पुन्हा चालू झालं, गिऱ्हाइकं परत आली. माझ्या पाच प्रश्नांना त्यांची पाच उत्तरं ठरलेली होती. छान, छान, हो, नाही, नाही. त्यांचा फोन तीन मिनिटांत आटपायचा. वाचलेलं एक मिनिट मी चहाला द्यायचे. नवीन कुणी कामाला आलं, की मी त्यांचं उदाहरण द्यायचे. "बघा, नियमितपणा असला की असं होतं."

सिस्टर एकदा म्हणाली, "मॅडम, ही फार छान म्हणते हो."

"मग छान आहे ते!"

"एवढं छान कुणाचंच नसतं. माझंसुद्धा नाही."

मी ते हसण्यावारी नेलं. सिस्टरला माझ्या फळ्याचा राग आहे, असं मी धरून चालले होते. ती बत्तीस वर्षं या कामात. पाणीपुरवठ्यातून आलेल्या बाईने तिला शिकवायचं म्हणजे जरा जडच जायचं तिला, अशी मी मनातल्या मनात तिची कीवही करून घेतली.

त्या वर्षी आमच्या भेटीच्या खोलीला पडदे हवे होते. खोलीच्या खिडक्या कॉरिडॉरकडे, आत कुणी रडत असलं की येणारे-जाणारे डोकावायचे. शिलाईताई फोनवर म्हणाल्या, "मी शिवून देते. कापड तेवढं पाठवा." मला गहिवरून आलं. पेशंटने पथकासाठी काही करणं म्हणजे केवढी प्रगती! काकांनी कापड पोचवलं. दोन आठवड्यांचं काम, पण पडदे यायला दोन महिने लागले. मी विचारलं की त्या म्हणायच्या, "छान चाललंय. होतील." मीही म्हणायचे, "छान."

पडदे आले तेव्हा गठ्ठा न सोडताच मी फोनवर "छान झालेत" म्हणाले, आणि दहा दिवसांनी स्वतः स्टुलावर चढून लावले. एक पडदा दुसऱ्यापेक्षा चार बोटं आखूड होता. खालच्या दुमडीचे टाके कुठे बारीक, कुठे एकदम लांब, आणि मधेच रेघ सोडून भलतीकडे गेलेले. मी दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि मोठ्याने म्हणाले, "हाताने केलेल्या कामाची मजाच वेगळी."

सिस्टरने चष्मा लावला. पडद्याची दुमड बोटांत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग फळ्याकडे गेली आणि शिलाईताईंच्या नावापुढची हिरवी टिकली काढून लाल लावली.

"हे काय?" मी विचारलं.

"तिच्या हाताला काहीतरी झालंय."

"पडदा आखूड झाला म्हणून लाल? मग माझ्या नवऱ्यालाही लाल लावा, त्याने कापलेलं काहीच सरळ येत नाही."

सगळे हसले. सिस्टर हसली नाही. "मॅडम, ही बाई इतकी वर्षं लोकांच्या मापाचे कपडे शिवतेय. आज जाऊन येऊ द्या मला."

पण त्या दिवशी आधीच सहा लाल होते. त्यातल्या एका तरुणाचे वडील सकाळपासून तीन वेळा फोन करून ओरडले होते. तो मुलगा तसा आदल्या दिवशीच नीट बोलला होता. ओरडत होते ते वडील. तरी मी सिस्टरला तिकडे पाठवलं. शिलाईताईंना मी पिवळी टिकली लावली आणि वर म्हणाले, "चला, तुमचंही नाही आणि माझंही नाही." मला वाटलं, मी केवढी समजूतदार! तो गुरुवार होता.

सोमवारी सकाळी दहाला शिलाईताईंच्या धाकट्या भावाचा फोन आला. तो जवळच्याच बेकरीत कामाला. "ताई दार उघडत नाही. आतून मशीन चालल्याचा आवाज येतोय. शेजारी म्हणतात, दोन दिवस थांबलेलंच नाही."

सिस्टर आणि डॉक्टर शहराच्या दुसऱ्या टोकाला होते, समाजसेविका रजेवर. उरले काका आणि मी. मी पावणेदोन वर्षांत कुणाच्याही घरी गेले नव्हते. समन्वयकाने जागेवर असावं, असा नियम मीच केला होता. मी सिस्टरला फोन करून सांगितलं, पॅडवर पाच प्रश्नांचा कागद अडकवला आणि गाडीत बसले. कागद कशाला घेतला ते विचारू नका. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

गाडीत काका म्हणाले, "हात फारच थरथरायला लागलेत त्यांचे."

"कुणाचे?"

"शिलाईताईंचे. मागे मी पँट द्यायला गेलो होतो. सुईत दोरा ओवता येईना. मग मीच सहा सुया ओवून ठेवून आलो. म्हणाल्या, आठवडा निघेल."

"काका, हे मला सांगायचं नाही का?"

काकांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. तुमच्याकडे फळा आहे ना. आणि मीटिंगच्या वेळी तुम्ही मला गाडीपाशी थांबायला सांगता."

पुढचे दोन सिग्नल मी खिडकीबाहेर बघत काढले.

तिसऱ्या मजल्यावर भाऊ बाहीला पीठ लागलेल्या शर्टातच दाराशी उभा होता. आतून मशीनचा आवाज येत होता, एका लयीत, न थांबता. मी घसा साफ केला आणि दारावर टकटक करून, अगदी माझ्या मीटिंगच्या आवाजात म्हणाले, "नमस्कार, मी मानसिक आरोग्य पथकाची समन्वयक बोलतेय."

मशीन थांबलं. आतून आवाज आला, "बुधवारी बोला. माझा फोन बुधवारी असतो."

भावाने माझ्याकडे असं पाहिलं, की मला जिना उतरून थेट पाणीपुरवठ्यात परत जावंसं वाटलं. तरी मी कागदाकडे बघून विचारलं, "झोप कशी आहे?"

"छान," आतून उत्तर आलं, आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

मी पायरीवर बसले. गुडघे दुखत होते हे एक कारण, आणि पुढे काय करायचं ते सुचत नव्हतं हे दुसरं. सिस्टर असती तर तिने काय केलं असतं, याचा विचार केला. पण सिस्टर काय करते ते मी कधी बघितलंच नव्हतं, फक्त किती वेळ लावते ते लिहिलं होतं. शेवटी डोक्यात जे एकच खरं होतं ते तोंडातून निघालं.

"शिलाईताई, पडदा आखूड झालाय."

मशीन थांबलं.

"किती?"

"चार बोटं."

"दोन्ही?"

"एकच. डावीकडचा. आणि टाके भलतीकडे गेलेत."

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग अगदी दाराजवळून त्या म्हणाल्या, "मग इतके दिवस छान का म्हणालात?"

"तुम्ही छान म्हणालात म्हणून."

"मी रोज वाट बघत होते, आता कुणीतरी विचारील, हे असलं काय शिवलंय बाई तुम्ही. कुणी विचारलंच नाही. म्हटलं, आता मी कसंही शिवलं तरी यांना चालतंय. मी मोजणीतच नाही."

मला रडू यायला लागलं होतं, पण पॅडवर अडकवलेला कागद हातात घेऊन जिन्यात रडणारी समन्वयक कशी दिसेल ते डोळ्यांसमोर आलं आणि मी आवरलं. म्हणाले, "माझं चुकलं. सिस्टरने बघितलं होतं. तिने सांगितलं, मी ऐकलं नाही."

कडी निघाली. दार बोटभर उघडलं. "या आत. चपला काढू नका, खाली टाचण्या सांडल्यात."

आत जमिनीवर गिऱ्हाइकांची कापडं पसरली होती. त्यांवर सुईच्या भोकांच्या रांगाच रांगा होत्या, शिवण मात्र कुठेच नव्हती. मशीनच्या सुईत दोराच नव्हता. दोन दिवस त्या दोऱ्याशिवाय मशीन चालवत होत्या. डोळे लाल, ओठ सुकलेले, आणि हात पोटाशी एकमेकांत घट्ट धरलेले. डॉक्टरांकडे आल्यावरही त्या मांडीवर पिशवी घेऊन तिच्याखाली हात ठेवायच्या, हे मला तेव्हा आठवलं.

हळूहळू त्यांनी सांगितलं. गोळ्यांनी हात थरथरायला लागले होते, सहा-सात महिने झाले. सांगितलं तर गोळ्या वाढवतील, आपण बिघडलो असं लिहितील, दवाखान्यात नेतील, ही भीती. म्हणून तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी स्वतःच गोळ्या बंद केल्या. थरथर लगेच काही गेली नाही, झोप मात्र गेली. आणि आता खालच्या मजल्यावरचे लोक आपल्या शिवणी उसवतात, असं त्यांना ऐकू येत होतं.

सिस्टर पोचेपर्यंत तासभर होता. भावाने चहा केला. मला काहीतरी उपयोगी करायचं होतं, म्हणून मी म्हणाले, "आणा, मी सुईत दोरा ओवते." वाचायचा चष्मा ऑफिसात राहिला होता. सात वेळा प्रयत्न केला. शिलाईताई, ज्यांना चार दिवस झोप नव्हती आणि कानात माणसं बोलत होती, शांतपणे म्हणाल्या, "ताई, तुम्ही उलट्या बाजूने ओवताय."

सिस्टर आली. तिने मला काहीही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं. ती सरळ शिलाईताईंजवळ बसली, त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि म्हणाली, "कधीपासून गं?" एवढंच. माझ्या पाच प्रश्नांत हा प्रश्न नव्हता.

शिलाईताई स्वतःहून वॉर्डात यायला तयार झाल्या, एका अटीवर. गिऱ्हाइकांची चांगली कापडं ज्याची त्याला परत पोचली पाहिजेत. काकांनी गठ्ठे गाडीत भरले आणि दोन दिवसांत घरोघर पोचवले, खराब झालेल्यांबद्दल माफीही मागून आले. बारा दिवस शिलाईताई वॉर्डात होत्या. डॉक्टरांनी औषध बदललं. मला म्हणाले, "ही थरथर औषधाची होती. पहिल्या महिन्यात कळली असती तर चिठ्ठीवर दोन ओळी बदलून काम झालं असतं." चार महिन्यांवर भेटी कुणी नेल्या ते त्यांनी विचारलं नाही. त्या कागदावर माझी सही होती, आणि तीही मोठी.

शिलाईताईंना वॉर्डात पोचवल्याच्या दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मी सगळं सांगितलं, पिवळ्या टिकलीसकट. मला वाटलं होतं, आता फळा काढा म्हणतील. मी मनातून तयारही होते, म्हणजे एक छान दुःखी भाषण तयार होतं. पण सिस्टर म्हणाली, "फळा राहू द्या. त्यावर फक्त एवढं लिहा, की त्या माणसाला शेवटचं कुणी डोळ्यांनी पाहिलं आणि कधी." आम्ही रकाना आखला. हिरव्या बावन्न माणसांपैकी एकोणीस जणांपुढे कुणाला काही लिहिता येईना. मग दाराशी उभे असलेले काका म्हणाले, "यातले सहा मला दिसतात येता-जाता. सांगू का?" मी त्यांना खुर्ची आणून दिली. तेव्हापासून ते मीटिंगला बसतात, आणि त्यांच्याइतकं कुणीच बोलत नाही.

कुणाला आधी भेटायचं हे ओरडण्यावरून ठरवायचं नाही, हेही ठरलं. ओरडणाऱ्या वडिलांना समाजसेविकेने दर मंगळवारी स्वतंत्र वेळ दिली. त्यांचे फोन कमी झाले. मुलगा म्हणतो, घरात शांतता आहे. आणि मी आठवड्याला दोन हिरव्या घरी जायचं, असा ठराव सिस्टरने मांडला. तो एकमताने मंजूर झाला. माझं मत कुणी विचारलं नाही.

शिलाईताईंचे हात सावरायला तीन-चार महिने गेले. आता त्या पूर्वीसारख्या शिवतात. नाजूक काम मात्र घेत नाहीत. मधे एकदा पुन्हा झोप गेली होती, तेव्हा त्यांनी स्वतःच फोन केला आणि आठवडाभरात निभावलं. बुधवारचा फोन चालू आहे, पण तो आता चाळीस मिनिटांचा असतो. नव्या गोळीने तोंड कोरडं पडतं, डॉक्टर घाईत असतात, भाऊ न विचारता सल्ले देतो, आणि "तुम्ही मध्येच बोलता हो फार," असं मलाही असतं. माझा बुधवारचा डबा दर वेळी थंड होतो. वेळापत्रकाचं तर नावच काढू नका.

गेल्या आठवड्यात मी एका हिरव्या गृहस्थांकडे गेले. निवृत्त सर्व्हेअर, पत्नी गेल्यावर खचले होते. दोन वर्षं त्यांचं नाव मी रोज सकाळी वाचत होते. त्यांनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही नवीन का?"

मी म्हणाले, "हो, नवीनच."

"मग सांभाळून या," ते म्हणाले, "पुढच्या खोलीतला दिवा गेलाय." आणि मला स्टूल धरायला लावून त्यांनी बल्ब बदलला. त्यांचा हात वर जाताना मी नीट बघितला. थरथरत नव्हता. स्टूल मात्र हलत होतं, आणि ते मी धरलं होतं.